चहापत्तीचा डबा

मराठीत कुंकवाला करंडा आहे, पानाला चंची आहे, लोणच्याला बरणी आहे. चहापत्तीला मात्र स्वतःच्या नावाचे भांडे नाही. उशिरा आलेल्या पाहुण्याने मिळेल त्या खोलीत पथारी टाकावी, तसा हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरांत इतरांच्या रिकाम्या डब्यांतून राहत आला. वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, बिस्किटांचा डबा, लग्नात आहेर म्हणून आलेली स्टीलची डबी, असे त्याचे बिऱ्हाड फिरत राहिले. आमच्या घरीही याहून वेगळे घडले नाही.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या आमच्या नेरला उन्हाळ्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो आणि श्रावणात भिंतींना ओल येते. खुली चहापत्ती किलोने आणून महिनाभर पुरवायची, तर डब्याचा विचार करावाच लागतो. हवा, उजेड, उष्णता, ओल आणि परका वास हे चहाचे पाच वैरी. कारखान्यातून निघताना चहात पाण्याचा अंश 3 टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणून तो भोवतालची ओल आणि वास चटकन शोषून घेतो. आपण उकळतो तो दाणेदार चहा 1930च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्रपद्धतीचा. त्यात पान चिरडून, फाडून, वळवले जाते. दाणा जितका बारीक, तितकी त्याला हवा अधिक लागते.

या कसोट्यांवर काचेची बरणी बाद ठरते. ती शोभून दिसते, पण उजेड आत घेते. प्लॅस्टिकचा डबा पूर्वीच्या रहिवाशाला विसरत नाही. त्यात एकदा काळा मसाला राहून गेला की पुढे कित्येक दिवस चहाला त्याची आठवण येते. उरतो तो घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, शेगडीपासून दूर ठेवलेला. शास्त्राचा निकाल इथे लागतो.

घराचा निकाल इथे लागत नाही. आमच्याकडे पहाटेचा पहिला चहा आई करते. तिचे वय 80च्या पुढे, नजर अधू, बोटांचे सांधे आखडलेले. एकसारख्या डब्यांच्या रांगेत तिला साखर आणि चहापत्ती वेगळी ओळखू येत नाही. जुन्या पत्र्याच्या डबीला एका बाजूने पोचा आहे, झाकण सैल आहे. त्या पोच्यावर अंगठा टेकला की तिला डबी कळते. घट्ट झाकणासाठी तिला पहाटे कुणाला तरी हाक मारावी लागेल. ते झाकण चहाचा सुगंध राखील, आईचा मान राखणार नाही. घरातली एकेक कामे तिच्या हातून सुटत गेली आहेत. हे एवढे उरले आहे.

म्हणून आम्ही चहाला दोन घरे दिली. मोठा साठा स्टीलच्या डब्यात, आतल्या खोलीच्या फडताळात. आणि आठ दिवसांपुरती पत्ती त्या पोचा गेलेल्या डबीत. आठवड्याभरात सैल झाकणातून जो सुगंध उडतो, तो आम्ही खुशाल उडू देतो. दर रविवारी रात्री डबी पुसून, कोरडी करून भरतो आणि तिच्या ठरलेल्या जागी, पोचा समोर येईल अशी ठेवतो. पहाटे पातेले शेगडीवर चढल्याचा आवाज येतो. कुणी कुणाला हाक मारत नाही.