पेंचच्या अरण्यांतील अमावास्या

मनुष्य खोटें बोलतो तें बहुधा भीतीनें किंवा लोभानें. परंतु लग्नाच्या मांडवांत सारी मंडळी एकमुखानें आणि आनंदानें खोटें बोलल्याचा प्रसंग आम्हीं २०२३ सालच्या वैशाखांत पाहिला. आणि त्या मंडळींत आम्हीहि होतों.

कृष्णाकांठचें आमचें गांव लहान, तीन-चार हजार वस्तीचें. पुतणीचें लग्न देवळासमोरील पटांगणांत झालें. सप्तपदी आटोपून अंधार पडल्यावर भटजींनीं वधूवरांस उत्तरेकडे तोंड करून उभें केलें व बोट वर करून ध्रुवाचें आणि अरुंधतीचें दर्शन घेण्यास सांगितलें. वधू ‘दिसली’ म्हणाली, वरानें ‘दिसली’ म्हणून मान हालविली, आणि भोंवतालच्या वडीलधार्‍यांनींहि ‘दिसली, दिसली’ असा पुकारा केला. पटांगणाच्या मधोमध हायमास्टचा उंच खांब होता. त्याच्या झगझगाटांत सप्तर्षींचे सात तारे धड मोजतां येत नव्हते, मग वसिष्ठाला बिलगलेली ती अंधुक अरुंधती कोठली दिसणार! पंगत उठल्यावर आमची नऊ वर्षांची नात कानाशीं लागून हळूच म्हणाली, “आजोबा, तुम्हांला खरेंच दिसली? मला तर कांहींच दिसलें नाहीं.”

मुलांना खरें बोलण्याचे धडे देण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मास्तरास या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. त्याहून लाजेची गोष्ट ही कीं, तो खांब उभारावा म्हणून देवस्थान समितीकडे पहिला अर्ज आम्हींच केला होता. २०१७ सालीं दिवे लागले तेव्हां भाषणहि आमचेंच झालें. अंधार म्हणजे अज्ञान आणि दिवा म्हणजे ज्ञान, अशीं ठरीव रूपकें त्यांत पुष्कळ होतीं. टाळ्याहि बर्‍याच पडल्या.

पुढें जानेवारी २०२४ मध्यें वर्तमानपत्रांत वाचलें कीं, नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या अमेरिकेंतील संस्थेनें ‘डार्क स्काय पार्क’ अशी मान्यता दिली. भारतांतील हें असें पहिलेंच स्थान, आणि आशिया खंडांतील पांचवें. १९८८ सालीं निघालेली ही संस्था रात्रीच्या नैसर्गिक अंधाराच्या रक्षणाचें काम करते. अंधाराला मानपत्र मिळतें हें वाचून प्रथम हसूं आलें. मग मांडवांतला तो पुकारा आठवला आणि हसूं मावळलें. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नागपुरास असतात, नातहि अर्थात् तेथेंच. तेव्हां त्याच वर्षीं मार्गशीर्षांतली सोमवती अमावास्या साधून, म्हणजे ३० डिसेंबरला, आम्ही उभयतां, चिरंजीव व नात असे चौघे मोटारीनें पेंचकडे निघालों.

नागपुराहून कामठी, कन्हान, मनसर असा जबलपूरचा हमरस्ता आहे. मनसरहून उजवीकडे वळलें कीं थोड्याच वेळांत रामटेकचा गड दिसूं लागतो. संस्कृताचें वेड असलेल्या माणसास तो गड टाळून पुढें जाववत नाहीं. मेघदूतांतला रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें. १९९७ मध्यें स्थापन झालेलें कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयहि येथेंच आहे. गडावर उभें असतां यक्षानें मेघाला केलेली एक सूचना आठवली. उज्जयिनींत रात्रीं प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना दाट काळोखांत वाट दिसत नाहीं. तेव्हां मेघानें विजेची एक सोनेरी रेघ ओढून त्यांना जमीन दाखवावी, मात्र गडगडाट करून व पाऊस पाडून त्यांना भिववूं नये, असें यक्ष सांगतो. हा श्लोक आम्हीं किती वेळां शिकविला असेल! परंतु यक्षानें उजेड मागितला तो जमिनीपुरता, वाटसराच्या पायांपुरता, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथमच ध्यानांत आली.

मनसरला परत येऊन उत्तरेची वाट धरली. पवनीपासून सिल्लारीचा रस्ता फुटतो व सागाचें रान सुरू होतें. सिल्लारीस पोहोंचलों तेव्हां सूर्य मावळला होता. वनखात्याच्या व जिल्ह्याच्या पुढाकारानें सिल्लारी, पिपरिया, खापा आदि गांवांतील रस्त्यांवरचे व सार्वजनिक जागांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलण्यांत आले आहेत. ते पाहावयाचे म्हणून आम्ही पायींच एक फेरी मारली. दिवा खांबावर होता, परंतु दुरून तो डोळ्यांत भरत नव्हता. त्याच्या खालीं मात्र रस्त्यावरचे खडे मोजून घ्यावेत इतका स्वच्छ उजेड होता. कोपर्‍यावरच्या चहावाल्यास विचारलें, “काय हो, येथें वाघाची वस्ती. दिवे कमी केले तेव्हां लोक भ्याले नाहींत?”

तो हसून म्हणाला, “गुरुजी, दिवे कमी नाही केले जी. त्यांची मान तेवढी खाली घातली.”

आमच्या सार्‍या भाषणापेक्षां हें एक वाक्य मोलाचें होतें. यांतलें शास्त्र अवघड नाहीं. उघड्या दिव्याचा पुष्कळसा प्रकाश आडवा व वर जातो. तो हवेंतील कणांवर आदळून विखुरतो आणि आकाशावर एक पांढुरका पडदा पसरतो. निळा प्रकाश अधिक विखुरतो, म्हणूनच दिवसा आकाश निळें दिसतें. आणि म्हणूनच निळसर पांढरे एल. ई. डी. दिवे रात्रीच्या आकाशाला पिवळसर दिव्यांहून अधिक बाधतात. प्रकाशाचा हा रंग केल्व्हिन या मापानें मोजतात. तो ३००० च्या वर नसावा, असें जाणते सांगतात. शिवाय उघड्या दिव्यानें डोळा दिपतो, बाहुली आकसते, आणि दिव्यापलीकडची सावली अधिकच काळी होते. म्हणजे आमच्या हायमास्टनें आकाश तर घालविलेंच, पण जमीनहि नीट दाखविली नव्हती.

रात्रीं वनखात्याच्या निरीक्षणस्थानीं गेलों. तेथल्या तरुण मार्गदर्शकानें मोबाईल खिशांत ठेवावयास लाविले व तांबडी कांच बसविलेली विजेरी तेवढी हातीं घेतली. डोळ्यांना काळोखाची पुरी संवय होण्यास वीस-तीस मिनिटें लागतात, आणि पांढर्‍या उजेडाचा एक झोत ती सारी कमाई क्षणांत घालवितो. आम्ही मुकाट्यानें उभे राहिलों. हळूहळू एकेक घर उघडावें तसें आकाश उघडत गेलें. पश्चिमेस शुक्र अस्ताकडे चालला होता. पूर्वेस रोहिणीजवळ गुरु झळकत होता. दूरदर्शकांतून त्याचे चार चंद्र एका ओळींत दिसले. नातीनें कृत्तिका मोजल्या. सहा झाल्या आणि सातवीपाशीं ती अडली. डोक्यावरून कलत चाललेल्या देवयानीमध्यें एक धुरकट ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षांवरची दुसरी एक आकाशगंगा आहे, हें ऐकून चिरंजीव, जे एरवीं सगळें मोबाईलमध्यें पाहून सांगतात, ते बराच वेळ बोललेच नाहींत.

ध्रुव उत्तरेस क्षितिजापासून सुमारें साडेएकवीस अंशांवर होता. पेंचचा अक्षांश तितकाच आहे. हा नियम आम्हीं कैक वर्षें फळ्यावर आकृति काढून शिकविला. त्या रात्रीं नातीनें हात लांब करून मुठीवर मूठ ठेवीत तो मोजला, कारण एक मूठ साधारण दहा अंशांची होते. दोन मुठी आणि वर थोडें, असें उत्तर आलें. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेस रानावर टेकलेला अगस्तिहि दिसला.

मार्गदर्शकानें सांगितलेल्या दोन गोष्टी मनांत रुतून राहिल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशाप्रमाणें मनुष्यजातीच्या एकतृतीयांशाहून अधिक लोकांस आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाहीं. आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, २०११ ते २०२२ या काळांत जगभरच्या निरीक्षकांनीं केलेल्या नोंदींवरून, रात्रीचें आकाश सरासरीनें दर वर्षीं सुमारें ९·६ टक्क्यांनीं उजळत गेलें. याचा अर्थ असा कीं, जन्माच्या वेळीं ज्या ठिकाणीं २५० तारे दिसतात, तेथें तें मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत सुमारें १०० च उरतील. आम्हीं नातीकडे पाहिलें. तिच्या वांट्याचे तारे खर्च करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता?

परंतु मुख्य काम राहिलें होतें. डिसेंबरअखेर सप्तर्षि मध्यरात्रीच्या सुमारास पुरते उगवलेले असतात. म्हणून पहाटे तीनला उठून पुन्हां उघड्यावर आलों. थंडी मी म्हणत होती. ईशान्येस सप्तर्षि वर चढत होते. शेपटींतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्या कुशीला एक बारीक, शांत टिपका. नात ओरडली, “आजोबा, दोन आहेत! मोठ्याला चिकटून एक लहान!” आम्हांसहि दिसली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्या सौभाग्यवतींना चष्मा पुसून, मान कलती करून, बर्‍याच वेळानें दिसली. मग त्या शाल सांवरीत म्हणाल्या, “अहो, आज सांगतें. आपल्या लग्नांत मीं अरुंधती पाहिलीच नव्हती. बाशिंगाखालून काय दिसणार! सगळे म्हणाले म्हणून मींहि ‘दिसली’ म्हटलें.”

चाळीस वर्षांच्या संसारानंतर हें कळलें. त्या वेळीं आकाश होतें, पण मान वर करूं दिली नाहीं. आतां मान वर होते, तर आकाश नाहीं.

गांवीं परतल्यावर आम्हीं समितीस दुसरा अर्ज केला. दिव्यांना वरून झांकण असावें, त्यांचा रंग पिवळसर असावा, आणि रात्रीं साडेदहानंतर हायमास्ट बंद असावा, अशा तीन मागण्या केल्या. दाखला म्हणून पेंचबरोबर लडाखांतील हानळेचेंहि नांव घेतलें. तेथें सुमारें ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. २०२२ च्या अखेरीस सरकारनें तो टापू राखीव केला, आणि आज गांवचींच माणसें, त्यांत स्त्रियाहि, शिकून तयार होऊन पाहुण्यांस दुर्बिणींतून आकाश दाखवितात.

सभेंत विरोध झाला, आणि त्यांतला एक अगदीं रास्त होता. पहाटे साडेचारला डेअरीवर दूध घालावयास जाणारी एक बाई उभी राहून म्हणाली, “गुरुजी, तुमास्नी तारं बघायचं हाईत. मला पायाखालचा साप बघायचा हाय.”

यावर भाषण करण्याची इच्छा आम्हीं कष्टानें आवरली. तिच्या वाटेवरच्या एका दिव्याला वायरमनकडून पत्र्याचें झांकण बसवून घेतलें आणि पिवळसर बल्ब लाविला. चार दिवसांनीं ती आपण होऊन म्हणाली, “आता डोळ्यावर येत न्हाई, खालचं झ्याक दिसतंय.” तिच्या वाटेवरचे सगळे दिवे तसेच करून मिळाले व ते रात्रभर चालतात, हायमास्टला मात्र आतां साडेदहाला विश्रांति मिळते, आणि देवळांतील कार्याच्या वेळीं विनंतीवरून तो अर्धा तास मालवितात. सगळेंच साधलें असें नाहीं. बाजारांतील एका दुकानाची पाटी अजून रात्रभर निळी जळते. त्या मालकाशीं आमचें बोलणें चालूं आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या अंगणांत दिवा आहे त्यांनीं एकदां रात्रीं रस्त्यावर जाऊन आपल्या घराकडे पाहावें. दिवा स्वतःच डोळ्यांत खुपत असेल, तर तो जमिनीसाठीं जळत नाहीं, एवढें समजावें. एक झांकण आणि एक बल्ब, एवढ्यानें त्याची मान खालीं येते.

२०२५ च्या वैशाखांत त्याच पटांगणांत आणखी एक लग्न झालें. आमच्या विनंतीवरून अर्धा तास हायमास्ट मालविला होता. मांडवांत समया तेवढ्या तेवत होत्या. भटजींनीं नेहमींप्रमाणें बोट वर केलें आणि अरुंधती पाहावयास सांगितलें. नव्या नवरीनें बाशिंग हातानें वर सारून पुष्कळ वेळ पाहिलें. मग ती म्हणाली, “तेथें दोन दिसतात. त्यांतली कोणती?”

भटजींनीं स्वतः वर पाहिलें, आणि पुढचें कार्य कांहीं वेळ तसेंच थांबलें.