पायवाटेवर दोन चाकें

सायकल म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें एक ठराविक काळी आकृति उभी राहते: उंच, जड, सळईच्या ब्रेकांची, मागें कॅरिअर आणि पुढच्या दांडीवर बसलेलें एखादें पोर. मास्तर तिच्यावरून शाळेंत गेले, पोस्टमननें तिच्यावरून टपाल वाटलें, दूधवाल्यानें तिच्या दोन्ही अंगांस कॅन अडकविले. पण हिच्यावर बसून डोंगर हिंडावा ही कल्पना कोणास शिवली नाहीं. डोंगर लागला म्हणजे सायकल पायथ्याच्या गांवीं कोणाच्या तरी ओसरीला टेकवावयाची आणि पुढें पायीं निघावयाचें, असा शिरस्ता. म्हणून शेजारचीं तीन-चार मुलें जाड टायरांच्या, पुढच्या चिमट्यांत स्प्रिंगा बसविलेल्या सायकली घेऊन सातपुड्याच्या पाऊलवाटांवर जाऊं लागलीं, तेव्हां घरोघरच्या वडील मंडळींच्या कपाळास ज्या आठ्या पडल्या त्या वाचकांनीं मनांत आणाव्या. आम्हांस मात्र कुतूहल आवरलें नाहीं. तशीच एक सायकल आम्हीं वापरलेली अशी स्वस्तांत मिळविली आणि त्यांच्याबरोबर जाऊं लागलों. तीं पुढें, आम्ही मागें, चढावर बहुधा पायीं आणि उतारावर देवाचें नांव घेत.

पुरुषोत्तमनगर हें शहाद्याजवळ साखर कारखान्याभोवतीं वसलेलें गांव. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना, अशीं त्या कारखान्याच्या नांवांत डोंगर आणि नदी हीं दोन्ही आलेलीं आहेत. परंतु येथील माणसाचें तोंड बहुधा नदीकडे असतें. काळी जमीन तिकडची, ऊस, केळी, पपई हीं त्या जमिनीच्या जोरावर, आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांची जी रांग लागते तीही सपाटीवरचीच. सातपुडा म्हणजे उत्तरेच्या क्षितिजावरची एक निळी रेघ. पाऊस उघडला कीं ती रेघ हात लावावा इतकी जवळ येते, वैशाखांत धुळींत बुडून जाते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला, आणि सपाटी व डोंगर हीं दोन्ही त्याच्या कचेरीखालीं गेलीं. पण ओळख व्हावयास कचेरी पुरत नाहीं. आमच्या गांवांत असे कित्येक सद्‌गृहस्थ आहेत कीं ज्यांनीं काशी-रामेश्वर केलें आहे, आणि धडगांव पाहिलेलें नाहीं.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करीत सडक तोरणमाळास जाते. अंतर सुमारें पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शहाद्याची उंची समुद्रसपाटीपासून दीडशें मीटरांच्या आंत, तोरणमाळची साडेअकराशेंच्या घरांत. म्हणजे हजार मीटरांचा चढ, आणि तो बहुतेक सगळा शेवटच्या टप्प्यांत. सडकेनें चढणें हा नुसता श्रमाचा भाग झाला. खरा रस पुढें आहे. यशवंत तलावाच्या कांठीं चहा घ्यावा, सीताखाईच्या कड्यावर क्षणभर उभें राहावें, आणि मग झापी, फलई, सिंदीदिगर या बाजूंस ज्या जुन्या पाऊलवाटा फुटतात त्यांपैकीं एखादी धरावी. या वाटा कोणी आंखल्या नाहींत. पाणी, बाजार, शेत, सोयरिक आणि देव या पांच कारणांनीं माणसें चाललीं आणि वाट पडली. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठीं अस्तंब्याच्या १३२५ मीटर उंच शिखरावर यात्रेकरूंची जी रीघ लागते, किंवा महाशिवरात्रीस तोरणमाळच्या गोरखनाथास जे लोक दूरदूरच्या पाड्यांतून येतात, त्यांच्या पायांनींच यांतील कित्येक वाटा रुळलेल्या आहेत.

आतां हा खेळ मूळचा येथचा नव्हे हें खरें. कॅलिफोर्नियांत टॅमलपाइस नांवाचा एक डोंगर आहे. त्याच्या परिसरांतील एका उतारावर १९७६ सालीं कांहीं तरुणांनीं सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. गंमत अशी कीं त्यांच्या सायकली नव्या नव्हत्या. दुसर्‍या महायुद्धापूर्वींच्या, भंगारांत निघालेल्या, जाड चाकांच्या होत्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांत असे, आणि एकदां डोंगर उतरला कीं तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून धूर निघे. मग तुंबा उघडून पुन्हां ग्रीस भरावें लागे. त्यावरूनच त्या उताराचें नांव 'रीपॅक' असें पडलें. पुढच्याच वर्षीं जो ब्रीझ यानें या कामासाठीं मुद्दाम नवी चौकट घडविली, १९७९ सालीं गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं अशा सायकलींचें दुकान मांडलें, आणि १९९६ सालीं अटलांटा येथें हा खेळ ऑलिंपिकांत गेला. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षें! इंग्लंडांत तर याही आधीं, १९५५ सालीं, डोंगराळ आणि ओसाड वाटांवर सायकल नेणार्‍यांचें एक मंडळ निघालें होतें. तेथें 'मूर' म्हणून म्हणतात ते उंचावरचे ओले, झुडपी माळ आहेत. त्यांवरून हीं मंडळी सायकल कधीं चालवीत, कधीं ढकलीत, कधीं खांद्यावर टाकून नेत. ही शेवटची रीत आम्हांस फार जवळची वाटते.

सायकल डोंगरावर कशी चालते हें सांगितल्यावांचून तिची गोडी कळणार नाहीं. सातपुड्याचा खडक काळा, अग्निजन्य. तो झिजला कीं त्याचा मुरूम होतो, आणि उतारावरचा सुटा मुरूम चाकाखालीं छर्‍यांसारखा घरंगळतो. अशा जागीं घाबरून पुढचा ब्रेक आवळला कीं चाक सरकतें आणि स्वार खांद्यावर उतरतो. वेग जो आवरावयाचा तो वळणाच्या आधीं. वळणांत ब्रेक सोडून द्यावयाचा. उतारावर बैठकीवरून उठावें, दोन्ही पाय एका पातळींत ठेवावे, अंग मागें न्यावें, आणि नजर चाकाशीं न ठेवतां वीस-पंचवीस हात पुढें ठेवावी. जिकडे नजर तिकडे चाक. चढावर याच्या उलट. अंग फार पुढें गेलें तर मागचें चाक जागच्या जागीं गरगरतें, फार मागें गेलें तर पुढचें चाक घोड्यासारखें उभें राहतें. या दोहोंच्या मध्यें जी वीतभर जागा आहे तीच साधावयाची. सडकेवरच्या सायकलींत हवा ठासून भरतात. येथें ती निम्म्याहूनही कमी ठेवावी लागते, म्हणजे टायर दगडाला अंग चोरून न जातां त्यास मिठी मारतो. बोरीबाभळीचे कांटे आहेतच, आणि मार्गशीर्षांत गवत वाळलें कीं पायमोज्यांत जीं कुसळें शिरतात तीं घरच्यांस चार दिवस पुरतात.

इतकें करून मिळतें काय, असें कोणी विचारील. पायीं चालणारा माणूस डोंगर पाहतो, मोटारींतला माणूस डोंगर ओलांडतो. सायकलवाल्यास डोंगराचा प्रत्येक चढ मांड्यांत आणि प्रत्येक उतार मनगटांत मोजावा लागतो. एका पाड्यावरून दुसर्‍या पाड्यावर जातांना मोहाखालची थंड हवा, पुढें उघड्या माळावरचा झळझळीत वारा, आणि चैत्र-वैशाखांत आमचूर करण्यासाठीं खडकांवर वाळत घातलेल्या कैरीच्या फोडींचा आंबट वास, हीं एकामागून एक अंगावर येतात. त्यांच्यामध्यें कांच नसते आणि फार वेळही नसतो. आम्हांस तरी एवढें पुरतें.

परंतु या वाटा खेळासाठीं पडलेल्या नाहींत, हें ज्या दिवशीं उघड्या डोळ्यांनीं दिसलें तो दिवस सांगितला पाहिजे. पौषांतील सकाळ होती. वाट कड्याच्या पोटांतून, एका अंगास दरी आणि दुसर्‍या अंगास गवताची उभी दरड, अशी हातभर रुंदीची. पुढचा मुलगा वेगानें उतरत होता. त्यानें एकाएकीं हात वर केला आणि आम्ही सर्व थांबलों. खालून चार माणसें येत होतीं. खांद्यावर बांबू, बांबूला गोधडीची झोळी, झोळींत आजारी माणूस. मागें एक बाई, डोक्यावर गांठोडें आणि कडेवर मूल. वरच्या सडकेवर जेथें गाडी येऊं शकते तेथवर त्यांस जावयाचें होतें. मुलांनीं सायकली डोक्यावर उचलल्या आणि पाठी दरडीस लावून तीं उभीं राहिलीं. त्या चौघांनीं पाऊल मोडलें नाहीं. चालतांना जो ठेका धरावा लागतो तो चुकला तर झोळी हिंदकळते. त्यांच्यांतील एकानें सुद्धां आमच्याकडे पाहिलें नाहीं. पाहावयास त्यांस सवड नव्हती. झोळीच्या कडेस आंतल्या माणसाचीं बोटें दिसत होतीं. तीं माणसें वळणाआड गेल्यावरही कितीतरी वेळ कोणी सायकलीवर बसलें नाहीं.

इंग्लंडांत १९६८ सालच्या एका कायद्यानें घोड्यांच्या वाटांवरून सायकल नेण्यास मुभा दिली, पण त्याच कलमांत असें घातलें कीं सायकलस्वारानें पायीं चालणारास आणि घोडेस्वारास वाट द्यावी. आम्हीं ही गोष्ट मुलांस सांगितली तेव्हां एक जण म्हणाला, "काका, हें कलम कागदावर कशाला हवें?" त्या सकाळनंतर त्यास तें नकोच होतें.

वाट देणें सोपें. वाट राखणें कठीण. त्याचा प्रसंग पुढच्या वर्षीं आला. तोरणमाळच्या पलीकडे एका पाड्याखालीं एक लांब सरळ उतार आहे. मुलांच्या फार आवडीचा. त्या उतारावर थोड्याथोड्या अंतरानें धोंड्यांच्या तिरप्या रांगा वाटेस आडव्या मांडलेल्या होत्या, टाचेइतक्या उंच. सायकलीस त्यांची ठेंच लागे. म्हणून कोणा स्वारांनीं, आमच्या मुलांनीं कीं त्यांच्या आधीं आलेल्या दुसर्‍या कोणी याची चौकशी आम्हीं केली नाहीं, त्यांतील कांहीं रांगा उचकटून धोंडे बाजूस भिरकावले. वाट कशी गुळगुळीत झाली! मग पावसाळा आला आणि गेला. कार्तिकांत आम्ही गेलों तों त्या उतारावर गुडघाभर खोल घळ पडलेली, आणि घळीच्या तोंडाशीं भगरीचें जें शेत होतें त्याच्या निम्म्या भागांत नुसते गोटे.

शेताचा मालक, एक पावरा म्हातारा, बांधावर बसला होता. तो रागावला नाहीं. रागावला असता तर मुलांस बरें वाटलें असतें. त्यानें एवढेंच सांगितलें, "धोंडे वाटेला नाहीं मांडले, भाऊ. पाण्याला मांडले होते." डोंगरावरचें पाणी पायवाट मिळाली कीं तिलाच ओढा समजतें, रांग तिरपी असली म्हणजे तें दहा-वीस पावलांतच बाजूच्या गवतांत वळतें, त्याचा जोर वाढत नाहीं, माती जागच्या जागीं राहते. त्याच्या बापानें त्या रांगा मांडल्या होत्या, आणि दर वर्षीं मृगाच्या आधीं तो त्या नीट करीत असे.

परततांना मुलांमध्यें वाद झाला, आणि तो ऐकण्यासारखा होता. त्यांतील एक जण शिकलेला आणि वाचणारा. त्याचें म्हणणें, सायकलीवर उगीच आळ येतो. अमेरिकेंत माँटाना राज्यांतील डोंगरवाटांवर प्रयोग करून १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत ओल्या वाटेवर चाकांपेक्षां घोड्यांचे खूर आणि माणसांचे पाय हेच अधिक माती सुटी करतात असें दिसून आलें. ही गोष्ट खरी आहे. आम्हीं ती पडताळून पाहिली. परंतु त्या प्रयोगांत चाकाखालीं किती माती सुटते एवढेंच मोजलें होतें. चाकाच्या सोयीसाठीं कोणी वाटेंतले धोंडे काढून टाकले तर काय होतें, हें तेथें कोणी मोजलें नव्हतें, आणि आम्हांस तें मोजावयास म्हातार्‍याच्या शेताखेरीज दुसरें साधन नको होतें. दुसरा मुलगा बराच वेळ गप्प होता. तो शेतकर्‍याचा मुलगा. त्याच्या घरीं तापीच्या गाळाची जमीन आहे. तो म्हणाला, "आपल्याकडे एवढी माती गेली असती तर पंचनामा झाला असता." याला कोणीच उत्तर दिलें नाहीं.

पुढच्या रविवारीं मुलांनीं सायकलींबरोबर एक पहार, दोन कुदळी आणि घमेलीं असें सामान गाडींतून वर नेलें. पैसे देऊं केले तेव्हां म्हातारा हंसला. त्यानें काठीनें जागा दाखविल्या, एकंदर अकरा. धोंडा कसा बसवावा याचेंही एक शास्त्र आहे: चपटी बाजू वरच्या अंगास, बराचसा हिस्सा जमिनींत, दोन धोंड्यांमधील फटींत मुरूम ठोकून, आणि रांगेचें खालचें टोंक गवतांत नेऊन सोडलेलें. आमच्या वाचणार्‍या मुलानें पहिली रांग काटकोनांत मांडली. म्हातार्‍यानें ती पायानें मोडली आणि पुन्हां मांडावयास लावली. तिसर्‍या प्रहरीं घरांतून भाकरी आणि लसणाची चटणी आली. रांगांवरून सायकल नेतां येते कीं नाहीं हेंही मुलांनीं तेथेंच करून पाहिलें. येते. पुढचें चाक किंचित् उचलावें लागतें इतकेंच, आणि आतां तीं म्हणतात कीं उताराची खरी मौज त्या उचलण्यांतच आहे.

दोन रविवारांत अकरांपैकीं सात रांगा झाल्या. निघतांना मुलें सामान गाडींत भरूं लागलीं, तेव्हां पहार तेवढी येथेंच राहूं द्या, असें म्हातारा म्हणाला. ती त्याच्या घराच्या कुडाला टेकवून ठेवली आहे. चार रांगा राहिल्या आहेत, आणि मृगास अजून अवकाश आहे.