कोरड्यास

"कोरड्यास काय केलंय?"

दौंडला आत्याच्या घरी ताटं मांडली की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. भाजी असो, आमटी, पिठलं की मटणाचा रस्सा. भाकरीला लावून जे खायचं ते सगळं तिकडे कोरड्यास. पुण्यात आमच्या घरी "भाजी काय आहे?" असं विचारायची पद्धत. कोरड्यास या शब्दात मात्र आधी भाकरी दिसते. ती कोरडी, घशाखाली उतरायला सोबत मागणारी. पर्जन्यछायेतल्या मुलखाला साजेसा हा शब्द आहे, आणि या जानेवारीत शिरूरहून दौंडपर्यंत मी त्याच्याच मागे फिरले.

निमित्त आत्याच्या फोनचं. "नातवानं टेक्ससहून एक जेवण सांगितलंय. तिकडं आठवड्यातून एकदा घरोघर करतात म्हणे. खिमा परतायचा आणि मक्याच्या कुरकुरीत चिप्सवर ओतायचा. अर्ध्या तासात सगळं घर जेवून मोकळं. तू ये, शुक्रवारी करू."

सकाळच्या एसटीने नगर रस्ता धरला. पुण्याहून शिरूर सुमारे सदुसष्ट किलोमीटर. पेरणे फाट्याला डाव्या खिडकीतून विजयस्तंभ दिसला आणि बसमधल्या एका आजोबांनी बसल्या जागी हात जोडले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली, रात्रभर चालली आणि १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठच्या कोरेगावात पेशव्यांच्या मोठ्या फौजेसमोर उभी ठाकली. त्या तुकडीतल्या महार शिपायांचं स्मरण म्हणून आज लाखो लोक इथे येतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला आले होते. लढाईच्या वर्णनांत एक गोष्ट मला प्रत्येक वेळी थांबवते. रात्रभराच्या चालीनंतर ती माणसं दिवसभर अन्नावाचून लढली, आणि नदी समोर दिसत असून बराच वेळ तिच्या पाण्यापर्यंत पोचता येत नव्हतं. बस पुलावर आली तेव्हा माझ्या हातात पाण्याची बाटली होती. खालचं पात्र पाहिलं आणि घोट घेताना त्यांची आठवण झाली.

रांजणगावच्या महागणपतीला खिडकीतूनच नमस्कार केला, कारखान्यांची रांग मागे पडली आणि शिरूर आलं. जुनी माणसं अजूनही याला घोडनदी म्हणतात. गाव घोड नदीच्या काठावर आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची मोठी छावणी होती. तिच्यातली एक आठवण मला फार मोलाची वाटते. कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये वारला आणि त्याची कबर शिरूरला बांधली गेली. लोकांनी त्याला 'सत्पुरुष' मानलं. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की सुगी आली की आसपासचे गावकरी नव्या धान्याचा नैवेद्य या कबरीवर आणत.

परक्या मुलखातून आलेला, परक्या धर्माचा, राज्य करायला आलेल्या फौजेतला माणूस. आणि शेतकऱ्यांनी त्याला द्यायचं ठरवलं ते पहिलं धान्य. घरातलं सगळ्यात पवित्र तेच होतं. या भागात पाहुण्याची जात, धर्म, हुद्दा याआधी "जेवलात का?" हे विचारलं जातं, त्याचं मूळ किती खोल आहे ते मला त्या एका नोंदीत दिसतं.

शिरूरला आतेभाऊ, म्हणजे दादा, जीप घेऊन आला होता. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ज्वारीचं रान कणसांनी वाकलेलं, आणि वाऱ्यावर कुठल्या तरी शेतातल्या हुरड्याच्या आगटीचा धूर. मका मात्र मला वाटलं होतं त्याहून जास्त दिसला. एका वस्तीवर दादाने गाडी थांबवली. तिथे मुरघासाचं काम चाललं होतं. हिरवा मका कणसासकट यंत्रात जात होता आणि बारीक तुकडे होऊन बाहेर पडत होता. दोघे जण तो प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत पायांनी दाबून बसवत होते. आत हवा राहता कामा नये. हवा राहिली की बुरशी धरते. तोंड बांधून दीड महिना ठेवला की आंबूस वासाचा, महिनोन् महिने टिकणारा चारा तयार. मी मूठभर तुकडे हातात घेतले. ओले, गोडसर, दुधाळ दाणे मध्ये चिरलेले.

"हा सगळा गाईंना?" मी विचारलं.

"दूध त्याच्यावरच चालतंय, ताई," पिशवी दाबणारा म्हणाला. "माणसं कणीस भाजून खात्यात, तेवढंच."

मक्याचं मूळ घर मेक्सिको. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी दाणा चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याचं पीठ करायची युक्ती शोधली. त्याने साल सुटतं, पीठ मळलं जातं आणि अंगाला जास्त लागतं. त्या पिठाचा तळलेला तुकडा म्हणजे मक्याची चिप्स. ती टेक्ससच्या सॅन अँटोनियो शहरात १९३२ मध्ये पाकिटात भरून विकायला निघाली आणि साऱ्या अमेरिकेच्या घरात शिरली. तेच पीक आमच्याकडे गोठ्यातून दूध होऊन घरात येतं. एकाच दाण्याचे हे दोन रस्ते.

भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगावच्या अलीकडे गुऱ्हाळांचा वास सुरू झाला. एका गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळत होता. वरची मळी काढणाऱ्या माणसाच्या भुवयांवर वाफेचे थेंब जमले होते. गुळाची एक लहान ढेप घेतली, अजून कोमट होती.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनसमोर आम्ही थोडा वेळ थांबलो. रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाची लोकस्थिती आणि आपला प्रवास मराठीत लिहिला. आज टेक्ससचं जेवण दौंडला येतं ते फोनवरून. त्यांनी अमेरिका मराठी वाचकापर्यंत आणली ती डोळे उघडे ठेवून, शाळा, संस्था आणि बायकांचं काम निरखून. आणि मग हीच विदुषी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली, उपाशी मुली आणि विधवा घेऊन आली आणि केडगावच्या माळावर त्यांना घर दिलं. विहिरी, शेती, हातमाग, छापखाना, सगळं त्या बायकांच्या हातांनी उभं राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई इथेच गेल्या. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोठी वाटते ती रोजची पंगत. शेकडो ताटांत दोन वेळा भाकरी आणि तिच्याबरोबर काहीतरी ओलं पडलं पाहिजे, ही जबाबदारी एका बाईने अंगावर घेतली होती.

चौफुल्यावरून सोलापूर रस्ता, पाटसला डावीकडे वळण, आणि दिवस कलताना दौंड. पुण्याहून आलेली आगगाडी १८५८ मध्ये या बाजूने डिकसळपर्यंत पोचली. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव 'धोंड'. दक्षिणेतून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या इथे वळतात, म्हणून गावाच्या बोलण्यात अनेक भाषा आहेत आणि रेल्वेची घरं गावभर.

माझे आतोबा मालगाडीचे गार्ड होते. त्यांची लाइन पेटी अजून आत्याच्या पलंगाखाली आहे. काळी, पत्र्याची, पांढऱ्या अक्षरांत नाव. तिच्यात तेव्हा असायची हिरवी-लाल झेंडी, कंदील, धुक्यात रुळावर ठेवायचे फटाके, आणि एका कोपऱ्यात कापडात बांधलेली कडक भाकरी. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग मंद आचेवर उभी धरून पार कोरडी करायची. ओल राहिली नाही की ती बरेच दिवस टिकते आणि मोडली की पापडासारखा आवाज येतो. सोलापूरकडची ही विद्या, गाडीबरोबर दौंडला आलेली. आतोबा दूरच्या रनिंग रूमवर, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीच्या खोलीवर, पोचले की शिधा स्वयंपाक्याकडे द्यायचे, आणि कधी खिमा झाला तर ही भाकरी ताटात मोडून तो वर घ्यायचे.

संध्याकाळी मी आणि वहिनी बाजारात गेलो. टेक्ससच्या घरांत हे जेवण बीफचं असतं. आमच्या घरात खिमा बोकडाचाच. दुकानदाराने ओंडक्यावर मांस ठेवलं आणि दोन सुऱ्यांनी कुटायला घेतलं. यंत्रातला खिमा पिठासारखा होतो. सुरीचा दाणेदार राहतो आणि शिजला तरी दाताखाली लागतो. वहिनीने चरबीचा एक तुकडा मागून घेतला. "तेवढ्यानंच चव येती, ताई."

घरी येऊन तिने कढईत तीच चरबी आधी वितळवली. तिच्यात कांदा लाल होईपर्यंत, मग आलं-लसूण, हळद, आणि खिमा. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. आधी पाणी सुटलं, मग ते आटलं, आणि खिमा कढईला चिकटायला लागला तेव्हा टोमॅटो आणि घरचा कांदा-लसूण मसाला पडला. मूठभर मटार. वाटीभर गरम पाणी. मुलांसाठी मक्याच्या चिप्सची पाकिटं आणलेली होती. आत्याने स्वतःसाठी भाकऱ्या सकाळीच कडक करून ठेवल्या होत्या.

ताटं मांडली गेली. मुलांनी चिप्सवर खिमा घेतला, वर किसलेलं चीज. आत्याने भाकरी दोन्ही हातांनी मोडली, तुकडे पसरले, वर खिमा, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. मी दोन्ही खाल्लं. चिप्स पटकन मऊ पडतात आणि खारटपणा पुढे येतो. भाकरीचा तुकडा खालून रस्सा पितो आणि वरून कुरकुरीत राहतो; शेवटच्या घासापर्यंत दोन्ही मिळतं.

"अमेरिकेचं धान्य मी तुमच्या आधीच खाल्लंय," आत्या म्हणाली. मुलं थांबली. "बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. रेशनला मिलो यायची, तांबडी ज्वारी, अमेरिकेची. थापायला गेलं की चिरायची. कामावर सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी आणि मिठाची मिरची. कोरड्यास असं काही नव्हतंच रे."

कुणी काही बोललं नाही. धाकट्या नातवाने उठून कढईतला एक डाव तिच्या ताटात वाढला. तिने नको म्हटलं नाही.

मला दिवसभराचा रस्ता त्या डावाशी येऊन मिळाल्यासारखा वाटला. भीमेकाठचे तहानलेले शिपाई, सत्पुरुषाच्या कबरीवरची नवी कणसं, केडगावची पंगत, खडी फोडणारी आत्या. या मुलखाने धान्य पिकवलं, वाटलं आणि कधी दुसऱ्या देशाकडून घेतलंही. पण माणसाचं जेवण सुखाचं झालं ते त्या धान्यावर कुणीतरी प्रेमाने काही ओलं वाढलं तेव्हा. टेक्ससच्या आईलाही कामावरून आल्यावर मुलांना तेच वाढायचं असतं.

सकाळी पुण्याच्या गाडीत बसवायला आत्या स्टेशनवर आली. कापडात बांधलेल्या दोन कडक भाकऱ्या हातात दिल्या. "खिमा संपला. कोरड्यास नाही गं काही."

गाडी सुटली. पाटस गेलं. केडगाव जवळ आलं तशी पिशवीतली गुळाची ढेप आठवली. एक खडा फोडला, भाकरीच्या तुकड्यावर ठेवला आणि समोरच्या बाकावरच्या आजींना आधी दिला.