आधी वेलांटी

टायपिंगच्या क्लासातल्या सगळ्या पोरी मला काकू म्हणायच्या. त्यांचं बरोबरच होतं. त्या अठरा-एकोणीसच्या, भरतीची तयारी करणाऱ्या, मी चौतिशीची. मालक गेले आणि 2017 साली अनुकंपावर मी लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाले. त्यातलं ‘लिपिक’ बघून बघून जमत होतं. ‘टंकलेखक’ ठरायला मात्र मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं होतं. नाही दिलं तर नोकरीवर गदा. मी मराठी घेतलं. म्हटलं, आपलीच भाषा, त्यात काय अवघड!

ऑफिस सुटलं की क्लास, क्लास सुटला की तेरची एसटी. उस्मानाबादेत (तेव्हा अजून उस्मानाबादच) स्टँडपासून चालत जाण्याजोगा एक क्लास गाठला होता. त्या प्रमाणपत्राची, परीक्षा परिषदेची परीक्षा तोवर कॉम्प्युटरवर आली होती, तरी सरांनी कोपऱ्यात एक जुनं गोदरेज टायपिंग मशीन कापडाखाली झाकून ठेवलं होतं. आठवड्यातून एकदा ते उघडून पुसायचे. त्यावर काम कुणीच करत नव्हतं, पण आमच्या बोटांखालची अक्षरं मात्र तसल्याच मशीनच्या रचनेनं बसवलेली. तिला रेमिंग्टन म्हणतात.

त्या रचनेत ‘कि’ हवा असेल तर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची, मग क. मशीनच्या काळात कागद एकेक घर सरकायचा, डावीकडची खूण आधी उमटवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ध, श, ख ही अक्षरं तर अख्खी मिळतच नाहीत. आधी अर्धं अक्षर, मग काना. आणि रफार सगळ्यात शेवटी. ‘विद्यार्थी’ लिहिताना वेलांटीनं सुरुवात आणि रफारानं शेवट. मला हे पटकन जमलं नाही. मनात ‘वि’ म्हणेपर्यंत बोट ‘व’ वर गेलेलं असायचं.

ऑफिसात मी दोन बोटांनी टायपायची. ती सवय मोडणं हेच खरं शिकणं होतं. सर मागून यायचे आणि म्हणायचे, “ताई, कुठं बघायलाव? बटनात काय हाय? कागदाकडं बघा.” शेवटी त्यांनी माझ्या हातांवर नॅपकिन टाकला. पहिले आठ दिवस नॅपकिनखाली नुसता गोंधळ. करंगळीला कधी काम दिलेलंच नव्हतं, ती रात्री दुखायची.

पहिल्या परीक्षेत नापास झाले. वेळ संपत आली तशी मी पळवत सुटले होते. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. मी वीस वर्षं ब्लाउज शिवलेत. वळणावर मशीन पळवलं की दोरा तुटतो, मग ओवण्यात दुप्पट वेळ जातो, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं. पण कीबोर्डवर बसले की ते आठवत नव्हतं.

मग सरांनी एक केलं. माझ्या कीबोर्डवरच्या बॅकस्पेसवर चिकटपट्टी मारली. चुकलं तर तसंच ठेवायचं, पुढं जायचं. रोज पॅसेज संपला की चुका डायरीत उतरवायच्या. पंधरा दिवसांनी डायरी पाहिली तर चुका शंभर नव्हत्याच. पाच-सहाच होत्या, त्याच त्या रोज येत होत्या: श च्या जागी ष, ‘त्र’, ‘क्ष’, रफार विसरणं, आणि इकार आधी की नंतर. मग पॅसेज बंद केला. ‘क्षेत्र’, ‘मार्च’, ‘निश्चित’, ‘शिक्षण’ एवढेच शब्द, एका संथ ठेक्यात, जणू टीप मारतेय. वेग मोजायचाच नाही. डोळा एक शब्द पुढं ठेवायचा, एवढीच अट. महिन्यानं वेग मोजला तेव्हा तो 30 च्या वर गेलेला होता. केव्हा गेला ते मला कळलं नाही.

2019 ला पास झाले. पेढे वाटले. पोरींनी ‘काकू, पार्टी’ करून भंडावलं.

आणि सहा महिन्यांत ऑफिसात युनिकोड आलं, इनस्क्रिप्टची रचना आली. सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथं स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आधी अक्षर, मग वेलांटी. रफार हवा तर र, हलन्त, मग पुढचं अक्षर. रेमिंग्टन कागदावर दिसतं तसं लिहितं, इनस्क्रिप्ट तोंडानं म्हणतो तसं. मला विचाराल तर इनस्क्रिप्टच शहाणं आहे. पण बोटांना शहाणपण कळत नाही. कितीतरी दिवस माझी पत्रं ‘िवषय’ अशी सुरू व्हायची. साहेब चष्म्यावरून बघायचे. मी पुन्हा डायरी काढली, पुन्हा तीच मोजक्या शब्दांची घोकणी.

ती बसली, तोवर 2023 आलं. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. मथळे, पत्ते, नमुने सगळे बदलायचे. ‘उस्मानाबाद’ इनस्क्रिप्टमध्ये माझ्या हातात इतकं मुरलं होतं की न बघता, बोलता बोलता पडायचं. ‘धाराशिव’ला दोनदा शिफ्ट, ध ला एकदा, श ला एकदा. अवघड काही नाही. तरी ‘जिल्हा’ लिहून झालं की उजवी करंगळी आपोआप शिफ्टवर जायची, डावी तर्जनी ‘G’ वर पडायची आणि पडद्यावर एकटा उ उभा राहायचा. मी तो खोडायची. शेजारच्या टेबलावरची पोरगी एक दिवस म्हणाली, “काकू, प्रत्येक पत्रात तुमचा एक बॅकस्पेस ठरलेला असतोय बघा.”