रेनकोट आणि रेडियम

डिसेंबरात आमच्याकडे, म्हणजे इंग्लंडच्या लँकेशायर भागात, मगरिब चारच्या आधीच होते. दुपारचं जेवण आटोपतं न आटोपतं तोच असरची वेळ होते आणि असरनंतरचा चहा उकळेपर्यंत बाहेर दिवे लागतात. इतकी वर्षं इथे काढली, तरी हा चार वाजताचा अंधार आमच्या अंगवळणी पडलेला नाही. सांगायची गोष्ट त्याच वेळची आहे.

आमची लेक घोड्यावर बसते. हे वेड तिच्या आजोळचं. पाचगणीला तिचे नाना टेबललँडवर घोडे फिरवायचे, आता मामू फिरवतो. नानांचा पांढऱ्या घोडीसोबतचा एक फोटो आमच्या बैठकीत आहे. तो बघत बघत पोरगी आठ वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, मला शिकायचंय. इथे हा शौक स्वस्त नाही. आम्ही आठवड्यातून एक तास, शनिवारी, एवढंच कबूल केलं. नातेवाइकांत कुजबुज झाली. मुलीच्या जातीला घोडा कशाला, पडली-झडली तर? त्यांना उत्तर आम्ही दिलं नाही, दादींनी दिलं. नातीला सूरह आदियात त्यांनीच पाठ करून घेतली होती. म्हणाल्या, "जिथं अल्लाहनं धावत्या घोड्यांची कसम घेतली, तिथं तुम्ही कशाला नाकं मुरडता?" कुजबुज थांबली. निदान आमच्यासमोर तरी थांबली.

दादींची अट मात्र होती. कपडे अंगभर हवेत. घोड्यावर बसायच्या घट्ट पँटवर गुडघ्यापर्यंत येणारं काहीतरी हवं. म्हणून त्यांनी स्वतः बाजारात जाऊन लांब, काळा रेनकोट आणला. मागे फाट असलेला, खोगिरावर नीट पसरणारा. आम्हालाही तो आवडला. थंडी, पाऊस आणि अंगभर कपडा, तिन्हींची सोय एकातच झाली.

डोक्याचा प्रश्न आधीच सुटला होता. चौदा वर्षांखालच्या मुलांनी रस्त्यावर घोड्यावर बसताना हेल्मेट घालायलाच हवं, असा इथे १९९० चा कायदा आहे. पगडी घालणाऱ्या शीख मुलांना त्यातून सूट आहे. स्कार्फला सूट नाही, आणि तिची गरजही पडत नाही. पातळ, ताणलं जाणारं कापड, एकही पिन नाही, मागे गाठ नाही; आणि हेल्मेटचं माप घ्यायला जाताना स्कार्फ बांधूनच जायचं, म्हणजे ते नंतर सैल किंवा घट्ट होत नाही. इतकं सांभाळलं की झालं. ज्यांच्या मुली सायकल चालवतात, त्यांनाही हे उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

रस्त्यावर घोडा काढायचा तर तबेल्यातून प्रत्येकाला झगझगीत पिवळं जॅकेट मिळतं, चांदीसारखे पट्टे असलेलं. आपल्याकडे हायवेवर काम करणारे मजूर घालतात तसं. आमच्या लेकीला ते मनापासून नावडायचं. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंसारखी दिसते मी, म्हणायची. तरी घालायची, कारण त्याशिवाय बाहेर सोडतच नाहीत.

त्या शनिवारी साडेतीनच्या सुमारास आम्ही दोघं तिला आणायला निघालो. बारीक पाऊस होता. आभाळ आणि रस्ता एकाच राखाडी रंगाचे झाले होते. इथले गावाकडचे रस्ते अरुंद असतात, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपांची कुंपणं, आणि वेगाची मर्यादा मात्र ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. हायवे कोडच्या तक्त्याप्रमाणे त्या वेगातली गाडी थांबायला ७३ मीटर लागतात, तेही रस्ता कोरडा असेल तर. आम्ही ४० मैलांनी जात होतो आणि आपण सावकाश चाललोय असं समजत होतो. गाडी आमच्यापैकी कोण चालवत होतं, ते इथे सांगत नाही. त्या दिवसापासून घरात आम्ही "आमच्या हातून" असंच म्हणतो.

वळण संपलं आणि पुढे एक पिवळा ठिपका दिसला. घोड्यावरची बाई. वेग कमी केला. घोड्याला मागे टाकताना ताशी १० मैलांच्या आत यावं आणि मध्ये निदान २ मीटर जागा सोडावी, हे २०२२ च्या जानेवारीत हायवे कोडमध्ये आकड्यांसकट आलं आहे. आम्हाला ते ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर १० वर आम्ही आलो नव्हतो, १५-२० च्या दरम्यान असू. उजवीकडून तिला मागे टाकलं. तेवढ्यात समोरून दिवे दिसले, गाडी येत होती. म्हणून आम्ही डावीकडे आत यायला लागलो. पुढचा रस्ता मोकळा होता. मोकळा दिसत होता.

तिथे दुसरा घोडा होता. गडद तपकिरी रंगाचा, ओला झाल्याने जवळजवळ काळा, आणि त्यावर काळ्या कपड्यातली एक आकृती. मागे काळपट कुंपण. आमच्या आरशापासून त्या घोड्याची मांडी हातभर अंतरावर आली तेव्हा आम्हाला तो दिसला. ब्रेक दाबला. घोडा बिचकून आडवा झाला, मागचे पाय कडेच्या चिखलात गेले. स्वाराने लगाम सैल सोडला, मांड घट्ट धरली, आणि घोडा शांत झाला. मग स्वाराने मान वळवून गाडीकडे पाहिलं.

ती आमची लेक होती.

समोरची गाडी थांबली होती. शिकवणाऱ्या बाई मागून आल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तो चढला असता तर बरं झालं असतं असं आम्हाला वाटलं. पिवळं जॅकेट लेकीने घातलं होतं. पाऊस सुरू झाला म्हणून दोन मिनिटांपूर्वी तिने त्यावर दादींचा काळा रेनकोट चढवला होता. एवढंच झालं होतं.

घरी परतताना गाडीत कोणी बोललं नाही. मगरिबची नमाज उशिरा झाली. सजद्यात किती वेळ डोकं टेकून होतो, ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

दादींना सांगू नये असं आमचं ठरलं होतं, पण पोरीने सांगून टाकलं. दादी बराच वेळ गप्प राहिल्या. आम्हाला धास्ती होती की आता त्या म्हणतील, बंद करा ते घोडं. त्यांनी विचारलं, "तो पट्टा रात्री चमकतो म्हणता, मग पिवळं कापड कशाला?" प्रश्न बरोबर होता आणि आम्हाला उत्तर येत नव्हतं. म्हणून त्याच रात्री जॅकेट मागच्या अंगणात दोरीवर टांगलं आणि गाडीचे दिवे लावले. दिव्यांच्या उजेडात ते झगझगीत पिवळं अगदीच साधं, फिकं दिसलं. चांदीचा पट्टा मात्र पेटल्यासारखा झाला. मग दादी चार पावलं बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथून तर काहीच चमकत नाही."

त्याचं गुपित असं आहे. तो झगझगीत रंग उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण घेतो आणि दिसणारा उजेड करून परत देतो. त्यामुळे ढगाळ दिवशी, तिन्हीसांजेला तो सगळ्यांत जास्त उठून दिसतो; रात्री ते किरणच नसतात, म्हणून त्याची जादू संपते. पट्ट्याचं उलटं. त्यात बारीक काचमणी किंवा तसलीच रचना असते, ती आलेला उजेड आला तिकडेच परत पाठवते. म्हणून तो ज्याच्या गाडीचे दिवे आहेत त्यालाच चमकलेला दिसतो, बाजूला उभ्या माणसाला नाही. दिवसासाठी कापड, रात्रीसाठी पट्टा. आणि साडेतीनच्या त्या अधल्यामधल्या वेळेला दोन्ही. चिखल बसला की दोन्ही निकामी.

रंगाचंही एक आहे. आपल्याला वाटतं पिवळा सगळ्यांत भारी. पण हिरव्या कुंपणांत आणि वसंतात फुललेल्या पिवळ्या शेतांत तो मिसळून जातो, तिथे गुलाबी किंवा नारिंगी बरा. आणि स्वारापेक्षा घोड्याच्या पायांकडे लक्ष द्यावं. गाडीचा दिवा खाली झुकवलेला असेल तर उजेड आधी पायांवरच पडतो, आणि पाय हलतात. हलती चमक माणसाची नजर पटकन पकडते.

दुसऱ्या दिवशी दादींनी शिलाई मशीन काढलं. काळा रेनकोट उसवला आणि त्याच मापाचा झगझगीत गुलाबी कापडाचा शिवला. तसाच लांब, तशीच मागे फाट. दंडाला, पाठीला, खालच्या घेराला चांदीचे पट्टे. आमच्यापैकी एकाला राहवलं नाही. ज्या दादींनी आम्हाला लहानपणापासून "चारचौघांच्या नजरेत भरेल असं काही घालू नका" म्हणून शिकवलं, त्याच नातीसाठी गुलाबी झगा शिवत होत्या. तसं बोलून दाखवलं, तेव्हा दादी दातांत दोरा तोडत म्हणाल्या, "अंग झाकायला सांगितलंय, पोरीला लपवायला नाही." आणि पुन्हा पायटा मारायला लागल्या.

सगळे पटले असं नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई अजूनही म्हणतात, अल्लाहवर भरोसा असेल तर चमचम कशाला? उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल, ही हदीस त्यांनाही ठाऊक आहे. आम्ही वाद घालत नाही. त्या आमच्या गाडीत नव्हत्या.

एप्रिलच्या सुट्टीत पाचगणीला गेलो तेव्हा लेकीने स्वतःच्या पैशांतून घोड्यांच्या पायांना बांधायच्या बारा पट्ट्या घेतल्या. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. फोटोतली ती पांढरी घोडी आजाराने गेली नव्हती. पावसाळ्यातलं धुकं, रात्रीची वेळ, नाना काळी घोंगडी पांघरून तिला घराकडे आणत होते, आणि मागून आलेल्या टेम्पोने तिला उडवलं. नाना वाचले. आमच्यापैकी जिचं ते माहेर, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ही गोष्ट तिने लेकीला त्या शनिवारनंतरच सांगितली. पांढरी घोडीसुद्धा धुक्यात दिसली नाही, हे लेकीच्या मनात बसलं असावं.

मामूने पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "हे तर रेडियम. वाईकडे उसाच्या बैलगाड्यांना लावतात तसलं. पण आमच्या घोड्यांना रस्ता तोंडपाठ आहे, बेटा."

"रस्ता घोड्याला माहीत आहे, मामू. गाडीवाल्याला घोडा माहीत नाही ना."

मामू हसला आणि पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी टेबललँडवर पाहतो तर घोड्यांच्या गोंडे-घुंगरांसोबत आमच्या पट्ट्याही मिरवत होत्या. पर्यटकांची पोरं चमकणाऱ्या घोड्यावरच बसायचं म्हणून हट्ट करत होती. मामू खूश. संध्याकाळी काम संपलं. मामूच्या मुलाने खोगीर उतरवलं, गोंडे उतरवले, घुंगरं उतरवली, आणि सगळ्या सामानासोबत पट्ट्याही पोत्यात भरल्या. भर दुपारी चमकवलेले घोडे अंधारात तसेच काळे घराकडे निघाले.

लेकीने पोतं उघडायला लावलं. एकेका घोड्यापाशी वाकून तिने पट्ट्या पुन्हा बांधल्या, खुराच्या वर, दुमडीच्या सांध्याच्या वर, फार घट्ट नाही. एक तांबडा घोडा सारखा पाय झाडत होता, त्याला तिने दोन वेळा हातात पट्टी देऊन हुंगायला लावलं. मग आम्ही सगळे मागून चालत निघालो. एक जीप मागून आली. तिचे दिवे पडले तसे पुढचे बारा पाय उजळले, वर घोडे दिसतच नव्हते, नुसते पाय चालत होते. जीप लांबूनच हळू झाली आणि बरीच जागा सोडून गेली. मामू काही बोलला नाही. मुलाला एवढंच म्हणाला, "उद्यापासून हे पोत्यात टाकू नको."

आम्ही परत आलो, त्याला दोन महिने झाले. परवा मामूच्या मुलाने व्हिडिओ पाठवला. पाऊस सुरू झालाय, धुकं उतरलंय, आणि मामू घोडे घेऊन घराकडे येतोय. कोणाच्या तरी मोटारसायकलचा दिवा पडतो आणि पट्ट्या झळकतात. वाईहून आणलेलं रेडियम त्याने शेपटीच्या गोंड्यालाही चिकटवलंय. लेकीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि उत्तर लिहिलं, "घोडे छान दिसतात. मामू, तुम्ही कुठे आहात?"

खरंच, मामू कुठे दिसत नव्हता. लगाम हवेत धरल्यासारखा होता. घोडा हाताने धरून न्यायचा असेल तर माणसाच्या अंगावरही चमकणारं हवं आणि उजव्या हातात पुढून पांढरा, मागून लाल दिसणारा दिवा हवा, असं इथल्या हायवे कोडमध्ये आहे. लेकीने ते मामूला फोनवर मराठीत समजावलं. तो म्हणाला, नानांची घोंगडी आहे, ती तेवढी पांघरतो, बाकी काही नको.

दादींनी फोन तिच्या हातातून घेतला. सलाम केला, घरच्यांची खुशाली विचारली आणि मग म्हणाल्या, "छातीचं माप सांगा. आणि घोंगडीची लांबी-रुंदी." गुलाबी कापड उरलंय अजून.