आम्ही लष्करातले बिनलष्करी

ग्वाल्हेरच्या ज्या भागात आम्ही राहतो त्यास 'लष्कर' म्हणतात. दौलतराव शिंदे यांनी इ.स. १८१० च्या सुमारास येथे छावणी ठोकली. ती पुढे उठलीच नाही. तिचेच शहर झाले. आमचे मूळपुरुषही त्या फौजेबरोबर आले, असे घरात सांगतात. मात्र त्यांच्या हाती तलवार नव्हती, बोरू होता. पुढच्या पिढ्यांनी तोच चालविला. कोणी दप्तरदार झाले, कोणी मास्तर, आणि आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात आयुष्य काढले. दोनशे वर्षे 'लष्करात' राहूनही आमच्या घरातील एकही माणूस लष्करात गेला नाही.

जाऊ पाहणारा एक होता. सतराव्या वर्षी आम्ही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा अर्ज मागविला होता. वडिलांपुढे ठेवला तेव्हा ते 'नको' म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले, आणि अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. अंतिम तारीख खणातच उलटून गेली. पुढे या विषयावर घरात कोणी बोलले नाही, आम्हीही नाही.

हे आठवण्याचे कारण आमची नात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशाने प्रबोधिनीचे दार मुलींसाठी उघडले, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील सतरा मुली संचलन करीत बाहेर पडल्या. बारावीतली आमची नात ते दृश्य दूरदर्शनसंचापुढे उभी राहून पाहत होती. संपल्यावर म्हणाली, "नाना, मी अर्ज करणार आहे." तिला विमान चालवायचे होते. महाराजपूरच्या हवाई तळावरची मिराज विमाने डोक्यावरून जाऊ लागली की ही लहानपणापासून गच्चीकडे धावे, त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.

आम्ही 'बघू' म्हणालो.

मात्र अर्ज खणात ठेवण्याचे दिवस आता उरले नाहीत; अर्ज संगणकावर भरला जातो. तेव्हा आम्ही जन्मभर जे केले तेच केले. एक टिपणी तयार केली. पहिला मार्ग खडकवासल्याचा: नऊशे गुणांची लेखी परीक्षा, नंतर तितक्याच गुणांची, पाच दिवस चालणारी 'एसएसबी'ची मुलाखत, तीन वर्षे प्रबोधिनीत आणि पुढील प्रशिक्षण आपापल्या दलाच्या प्रबोधिनीत. दुसरा मार्ग पदवीनंतरचा: चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी, किंवा 'ॲफकॅट' परीक्षा देऊन हैदराबादजवळच्या दुंडीगलची हवाई दल प्रबोधिनी. मग जागांचा हिशेब मांडला. २०२५ च्या जाहिरातींत खडकवासल्याला भूदलाकडे मुलींसाठी दहा जागा होत्या; हवाई दलाच्या उड्डाण शाखेत अवघ्या दोन. शिवाय वैमानिक होण्याची जी कल-चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आले की उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद. सबब, आधी पदवी घ्यावी, वय वाढू द्यावे, आणि मग त्या एकमेव संधीला हात घालावा, असा आमचा अभिप्राय पडला.

नातीने टिपणी दोनदा वाचली. म्हणाली, "नाना, ती चाचणी अभ्यासाची नाहीच. हातापायांचा ताळमेळ आणि नजर किती चटकन चालते, एवढंच पाहतात. ते माझ्यात आज नसलं तर चार वर्षांनी कुठून येणार? आणि असलं, तर चार वर्षं थांबायचं कशाला?"

आम्ही उत्तर शोधू लागलो, सापडले नाही. रात्री टिपणी पुन्हा वाचली आणि लाज वाटली. एकही आकडा खोटा नव्हता, पण सगळे आकडे एकाच बाजूला ओढत होते. वडिलांकडे निदान खण होता. आम्ही तेच काम सुवाच्य अक्षरात केले होते.

सूनबाईंची काळजी निराळी होती, आणि खरी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशिक्षणात जायबंदी होऊन प्रबोधिनीतून बाहेर पडलेल्या छात्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. ते वृत्त तिने कापून ठेवले होते. निवड झाल्यावर पालकांस लिहून द्यावे लागते की दुखापत झाल्यास भरपाई मागणार नाही; मुलाने आपणहून प्रशिक्षण सोडल्यास खर्च परत करू, असे बंधपत्रही द्यावे लागते. सूनबाई म्हणाली, "बाबा, ही सही आम्ही करायची. तुम्ही टिपणीत हे लिहिलंच नाही." खरे होते. जागांचा हिशेब आम्ही मांडला; आईच्या जिवाचा रकाना कोराच राहिला. त्या संध्याकाळी मायलेकी पुष्कळ वेळ गच्चीवर बसल्या होत्या. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. खाली आल्यावर सूनबाईने ते कात्रण नातीच्या गणिताच्या पुस्तकात घातले. "हे वाचून मग ठरव," एवढेच म्हणाली.

हिवाळ्यात अर्ज निघाले. दलांचा पसंतीक्रम भरताना नातीने पहिले हवाई दल टाकले, दुसरे भूदल. आम्ही शेजारी बसून होतो. "नाना, क्रम बरोबर आहे ना?" तिने विचारले. मत जिभेच्या टोकावर आले होते, ते गिळले आणि म्हणालो, "तुझा आहे, म्हणजे बरोबर आहे."

दोन जागांपैकी एक तिची होईलच, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परीक्षा आहे, मुलाखत आहे, ती एकदाच मिळणारी चाचणी आहे. नाही झाले तर चेन्नईचा रस्ता आहे; तोही न मिळाला तर आमच्या घराण्याचा बोरू कुठे पळून गेलेला नाही. पण या घरातून निघालेला एक अर्ज या वेळी मुदतीत पोहोचला. सौ.ने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. आम्ही टेबलाचा तो जुना खण रिकामा केला आणि त्यात नातीची प्रश्नपत्रिकांची पुस्तके लावून दिली.