हळू बोलणारी चकती

बालमित्रांनो, बंद पडलेलं गजराचं घड्याळ कधी उघडून पाहिलंत का? पुष्कळ घड्याळांत पितळेची एक पातळ चकती सापडते. तिच्या मधोमध पांढरा थर असतो. ही पिझो चकती. तिला वीज दिली की ती थरथरते, वाजते. गंमत म्हणजे उलटंही घडतं, बरं का! तिला थरथरवलं की ती वीज देते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं.

शेजारच्या मुलानं अशी चकती गिटारला चिकटवली आणि तिच्या वायरी थेट अँप्लिफायरला जोडल्या. आवाज आला पत्र्याच्या डब्यासारखा! शाळेचं संमेलन आठ दिवसांवर. "काका, चकती भिकार आहे," असं म्हणून तो ती फेकायलाच निघाला. मी म्हटलं, "थांब, आधी ऐकणारा कसा आहे ते पाहू."

ही चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तिच्याकडे वीज असते ओंजळभर. त्याच्या अँप्लिफायरचा इनपुट होता १० हजार ओहमचा, म्हणजे ओंजळीला मोठी फटच! भरभर होणारी कंपनं कशीबशी पोचतात, पण संथ कंपनांची वीज तोवर गळून जाते. हिशेब केला, तर ८०० हर्ट्झच्या खालचे सूर दुबळे होत जातात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा. तो उरतो जेमतेम एक दशांश!

मग आम्ही मध्ये छोटा प्रीअँप्लिफायर बसवला. एक जेफेट ट्रान्झिस्टर, त्याच्या गेटपासून ग्राउंडला १० लाख ओहमचा रेझिस्टर, आणखी दोन-तीन भाग आणि ९ व्होल्टची बॅटरी. जेफेटचं गेट जवळजवळ काहीच वीज घेत नाही. फट शंभरपट लहान झाली आणि ८०० ची मर्यादा ८ हर्ट्झवर आली. हा सर्किट आवाज वाढवत नाही. चकतीचं म्हणणं जसंच्या तसं ऐकतो आणि बॅटरीच्या बळावर पुढे पोचवतो. चकतीची वायर मात्र आखूड आणि जाळीच्या वेष्टणाची हवी, नाहीतर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर त्यात शिरते.

जाड तार घुमली, तेव्हा तो मुलगा चकतीकडे बघतच राहिला. चकती तीच होती!

तुमच्याही वर्गात हळू बोलणारं कुणी असेल. "मोठ्यानं बोल" म्हणण्याआधी जरा जवळ जाऊन ऐका. आणि आईबाबांनो, हे तुम्हालाही सांगतोय हं!